एका ताटातला दोस्त

लेक उर्वशी घर सोडून गेल्याच्या बाराव्या दिवशी फुलचंदला नाव मिळालं. दिलं ते त्याच्या बायकोनं, नलूनंच, भाकर थापता थापता, मान वर न करता.

"राजकुमारनं नेलं तिले. त्याच्या गाडीवर बसताना म्या पाह्यलं."

फुलचंदचा घास हातातच राहिला. राजकुमार आणि तो राळेगावच्या एकाच कापसाच्या जिनिंगमध्ये वीस वर्षांपासून कामाला. फुलचंद वजनकाट्यावर, राजकुमार यंत्रांवर फिटर. एका ताटात जेवणारी माणसं. इतके दिवस गप्प का बसलीस, असं त्यानं विचारलं, तर नलू म्हणाली, तुमची दोस्ती तुटेल म्हणून जीव धजला नाही.

त्यानं ताट बाजूला सारलं.

पोरगी मुळात वाईट नव्हती. दहावीला चांगले टक्के घेतले होते. मग दोन वर्षांत तिच्यात काय शिरलं, कोणास ठाऊक. बारावीत नापास झाली. स्वतःचे केस कात्रीनं कापून टाकले. आतून कडी लावून दिवस-दिवस बसायची, हाक मारली तर हाताला येईल ते फेकायची. फुलचंदनं समजावून पाहिलं, मोबाइल काढून घेतला, कॉलेज बंद केलं. दिवाळीला राजकुमार फराळाला आला, तर तिनं गरम चहाचा कप त्याच्या अंगावर भिरकावला आणि त्याच्याबद्दल नाही नाही ते बोलली. त्या दिवशी फुलचंदनं पट्टा काढला. वर तिला राजकुमारच्या पाया पडायला लावलं. राजकुमारच मध्ये पडला, लेकरू आहे, जाऊ दे, म्हणाला. नलू चुलीपाशी उभी होती.

आणि मग एका सकाळी उर्वशी नव्हती. दोन ड्रेस नव्हते, कपाटातलं आधार कार्ड नव्हतं, दहावीची गुणपत्रिका नव्हती. अठरा पूर्ण झाली होती, त्यामुळे पोलिसांनी नुसती नोंद घेतली. चौकात फुलचंद दिसला की माणसांचं बोलणं थांबायचं.

आता त्याला सगळं लख्ख दिसलं. तो चहाचा कप, त्या शिव्या, सगळं नाटक होतं. पन्नाशीच्या माणसानं आणि पोटच्या पोरीनं मिळून आपल्या डोळ्यांत धूळ फेकली होती.

"मन मानत नसंल तर त्याच्या गाडीची डिक्की पाहा," नलू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्यानं पाहिली. डिक्कीला कुलूप नव्हतं. आत उर्वशीचा जांभळा स्कार्फ होता.

राजकुमार यंत्रघरामागे नळावर हात धूत होता. फुलचंदनं स्कार्फ त्याच्या पुढ्यात टाकला. राजकुमारनं तो ओळखला. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं.

"पोरीनं सांगतलं तुले?" तो हळूच म्हणाला. "चूक झाली माह्याकडून, फुलचंद."

यापुढचं फुलचंदला ऐकायचंच नव्हतं. भिंतीला लोखंडी पाइप टेकवलेला होता. चार हमालांनी त्याला ओढून काढलं तोवर राजकुमारचे दोन्ही पाय गेले होते. फुलचंदनं मागं पाहिलं. त्या दिवशी डबा घेऊन नलू स्वतःच आली होती. ती फाटकापाशी उभी होती.

संध्याकाळी ती ठाण्यात आली. फुलचंद गजाआड बसला होता, पण तेरा दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या काळजाला थंडावा होता. डॉक्टर म्हणतात तो आता कधी चालणार नाही, असं नलूनं सांगितलं तेव्हा त्यानं नुसती मान हलवली.

"आता तो सांगतेच," तो म्हणाला, "पोरगी कुठं ठेवली ते."

"त्याले काय मालूम? पोरीले म्याच वर्ध्याच्या गाडीत बसवलं. परीक्षेचा अभ्यास करून राह्यली ती तिथं."

फुलचंद उठून गजांपाशी आला. "मंग तो चूक कायची म्हणे?"

"दिवाळीले पोरीनं तेच तर सांगतलं होतं तुमाले. तुमी पट्टा काढला."

तिनं पदर सारखा केला आणि टेबलामागच्या हवालदारासमोर जाऊन बसली.

"लिवा साहेब," ती नवऱ्याकडे बोट करून म्हणाली. "पाइप यायच्याच हातात होता. म्या पाह्यलं."