गुडघ्यातली गादी

तरुण डॉक्टरने प्लॅस्टिकचा गुडघा टेबलावर ठेवला. "आजोबा, हे मांडीचं हाड, हे नडगीचं. मधे ही गादी. पाय रोवलेला असताना अंग वळलं, की फाटते. तुमची तशीच फाटलीय."

समोर बसलेल्या टिळेकर सरांनी मेडिकल कॉलेजात एकतीस वर्षं हेच शिकवलं होतं, पण तसं त्यांनी सांगितलं नाही. माळ्यावरची बॅग काढताना गुडघा पिरगळला, त्याला नऊ दिवस झाले होते. तेवढ्या दिवसांत त्यांच्याशी इतकं कुणीच बोललं नव्हतं.

"ऑपरेशन साधं आहे," डॉक्टर म्हणाला. "घरच्यांना आत बोलवा, त्यांनाही समजावतो."

"कुणी नाही आलेलं."

"मग घरी गेल्यावर सांगा त्यांना."

"घरीही कुणी नाही," सर म्हणाले. "मलाच पुन्हा एकदा समजावा ना. सावकाश."

डॉक्टरने बाहेरच्या गर्दीकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून तो त्यांच्याजवळ बसला आणि पहिल्यापासून सांगू लागला. बोलण्याच्या ओघात आतल्या लिगामेंटला तो बाहेरचं म्हणाला. इतक्या वर्षांत सरांनी एकाही विद्यार्थ्याची अशी चूक सोडली नव्हती. आज त्यांनी टोकलं नाही. टोकलं असतं, तर तो थांबला असता.