पाठीमागची जागा

जात्याला खुंटा, तसा रत्नप्रभाताईंच्या अभंगांना विमलाचा तानपुरा. लग्नाचं वयही तिचं ताईंच्या पाठीमागे बसण्यात निघून गेलं. आज मुलुंडला अनाथाश्रमाच्या मदतीसाठी ताईंचं गाणं होतं. “तू समोर बसून ऐक गं,” ताई मायेनं म्हणाल्या. “हल्ली विजेवरचा तानपुरा निघालाय, बटण दाबलं की झालं!” विमला पहिल्या रांगेत बसली खरी, पण बोटं मांडीवरच तारा छेडत होती. अभंग रंगात आला आणि फ्यूज उडाला. दिवे गेले, माइक गेला, विजेवरचा तानपुराही मुका झाला. आता ताई हाक मारणार, म्हणून विमला पदर खोचून उठली. पण अंधारात ताईंचा एकटा आवाज तसूभरही न ढळता वर चढत गेला. शेजारच्या बाई भारावून कुजबुजल्या, “बघा ना, ह्यांना कुणाचीच गरज नाही!” खुर्ची चाचपत विमला खाली बसली. म्हणाली, “नाहीच.”