आपोआप पडलेली दाढ

"दाढ आपोआप पडली," ताई एका गालातून म्हणाली. दुसरा गाल सुजून असा टम्म झाला होता, की त्या बाजूने शब्दाला बाहेर पडायला वाटच नव्हती.

शेजारच्या खुर्चीत तिचा धाकटा भाऊ तळहात मांड्यांखाली दाबून बसला होता. भाऊ दातांचा डॉक्टर. हात इतका हलका, की एका पैलवानाची अक्कलदाढ काढून, टाके घालून, हात धुऊन झाले तरी पैलवान आपला विचारतोय, "सुरू कधी करताय?" तोच हात गेल्या महिन्यात ताईच्या तोंडात होता. "भाऊ जिवंत असताना दाढ धरून कण्हतेस? बस इथे," असं दटावून त्यानेच तिला खुर्चीत बसवलं होतं. वर म्हणाला होता, "आता खुशाल दगड चाव."

कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बॅटरी मारली. जखम भरलीच नव्हती. तळाशी जबड्याचं हाड उघडं पडलं होतं.

"आपोआप झालं असेल, तर हा कॅन्सरच्या गोळीचाच प्रताप," बाई म्हणाल्या. "हजारात एखाद्याला असं होतं. मग गोळी कायमची बंद करावी लागेल."

"आणि... कोणी काढली असेल तर?" भावाने विचारलं.

"तर काही दिवस थांबवून जखम भरू द्यायची, पुन्हा सुरू करायची. अहो, किडनीतली गाठ निम्मी झालीय या गोळीमुळे. मला काय हौस आहे बंद करायची?"

बाई हातमोजे टाकायला वळल्या. ताईने भावाच्या बुटावर चप्पल दाबली.

"तोंड उघडलंस तर बघ," ती कुजबुजली. "उद्या दवाखान्यात चिटपाखरू फिरकणार नाही तुझ्या."

"आणि तुझी गोळी?"

"माझं मी बघेन. गप बस, गाढवा."

भावाने पाय काढून घेतला.

"दाढ मी काढली," तो म्हणाला.

ताईने डोळे मिटून घेतले. बाई मात्र त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"तुम्ही? अहो, कोणती औषधं चालू आहेत, हे आधी विचारत नाही तुम्ही?"

"विचारतो ना," भाऊ म्हणाला. "बाहेरच्या सगळ्यांना विचारतो."