काळीतली कळलावी

शेषरावनं खुरपं टाकलं आणि बोटांनीच माती उकरली. विहिरीजवळचा हा तुकडा म्हणजे काळी, लोण्यासारखी जमीन. इथं काठी रोवली तरी पानं फुटतील, असं तो पाहुण्यांना सांगायचा.

कंद हाताला लागला आणि बोटांत दबला. आतून कुबट पाणी आलं.

"सडली," तो म्हणाला.

मागं उभी असलेली त्याची बायको वच्छला पुढं येऊन त्याच्याजवळ बसली.

ही कळलावी स्नेहाच्या मातीवरची. पोरीला टेकडीच्या उतारावर पुरलं आणि पुढच्या पावसाळ्यात तिथं ही वेल आपणहून वर आली. आता रानात कळलावी शोधून सापडत नाही, औषधवाल्यांनी कंद खणून नेले. पण त्या मुरमात, जिथं गवतही धड धरत नाही, ही दर मृगाला यायची आणि लालपिवळी फुलायची. वच्छला तिच्याशी बोलत बसायची.

यंदा शेताकडच्या पाणंदीवर टाकायला टेकडीचा मुरूम काढायचं ठरलं. 'तेवढा कोपरा सोडतो,' असं जेसीबीवाला म्हणाला होता, पण शेषरावला भरवसा वाटेना. त्यानं आधीच कंद काढून आणला. पोर दगडगोट्यांत राहिली, तिची वेल तरी चांगल्या मातीत राहू दे, एवढंच त्याच्या मनात होतं. शेणखत घातलं, रोज पाणी दिलं. लाडानं पोर बिघडते म्हणतात. वेल सडते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि जेसीबीवाल्यानं कोपरा सोडला नाही.

वच्छलानं तो कंद हातात घेऊन चाचपला. "हे टोक अजून टणक हाय. लावलं तं जगन हे. मुरूम पाहिजे हिले. तिथलाच."

"तिथं काय राह्यलं आता? समदा पाणंदीत पसरवला."

"मंग पाणंदीतला आना."

शेषराव घमेलं घेऊन निघाला. कंद पदरात धरून वच्छला मागोमाग आली. पाणंदीचा रस्ता व्हावा म्हणून ग्रामसभेत पहिला हात त्यानंच वर केला होता. स्नेहाला साप चावला त्या दिवशी दवाखान्यात नेताना बैलगाडी याच पाणंदीत, काळ्या चिखलात आसापर्यंत रुतली होती. पोर गाडीतच गेली. पुन्हा कुणाचं लेकरू असं जाऊ नये, म्हणून तो हात.

रस्ता छान झाला होता. एवढा पाऊस होऊनही चिखलाचं नाव नव्हतं. गावापासून शेतापर्यंत सगळीकडे तोच तांबूस मुरूम, ट्रॅक्टरच्या चाकांखाली दबून बसलेला.

शेषराव घमेलं घेऊन मधोमध उभा राहिला. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. 

"कुठचा घेऊ वं?"

 वच्छला बांधावरच थांबली होती. तिनं पायातल्या चपला काढल्या, हातात घेतल्या आणि मगच रस्त्यावर पाय ठेवला.