लंगोटाची शपथ

महिपतीने लंगोट धुऊन तालमीतल्या मारुतीपुढे ठेवला आणि तो वस्तादांच्या पाया पडला. गदा जिंकेपर्यंत लग्न करायचं नाही, ही शपथ त्याने इथेच घेतली होती. बारा वर्षं पाळली. काल तो पाचव्यांदा गदेची अंतिम कुस्ती हरला.

“आता गुडघा साथ देत नाही,” तो म्हणाला. वस्तादांनी नुसता पाठीवर हात ठेवला.

तिथून तो थेट शालनकडे गेला. शपथेआधीच दोघांची सुपारी फुटली होती, आणि ‘मी थांबते’ असं तीच म्हणाली होती. ती अंगणात डाळ निवडत होती.

“शालन, हरलो मी. लंगोट कायमचा उतरवला. आता लग्न करू.”

तिने सूप खाली ठेवलं. “गेल्या आठवड्यात आबांनी माझं लगीन ठरवलं. सांगोल्याचे मास्तर हायत. बायको वारलीय, दोन पोरी हायत.”

“मला कुणी बोललं नाही.”

“तुमची कुस्ती तोंडावर आलेली. मीच नको म्हटलं.”

“हरलेल्यानं काय मागायचं म्हणा,” तो पुटपुटला.

शालनचे डोळे भरून आले.

“तुम्ही पहिल्याच वर्षी हरून आला असता, तरी मला चाललं असतं.”