ळ

दहिसरचा सर्वेश अंधांसाठी मराठी वाचून दाखवणारं मोफत ॲप सांभाळायचा. ॲपचा मूळ कोड परदेशातला. तिथले नवे बदल त्याने महिनाभर खपून आपल्या ॲपमध्ये मर्ज केले आणि आवाज एकदम गोड झाला. सगळे खूश होते. मग मुलुंडहून ॲप वापरणाऱ्या नमिताचा फोन आला.

"अरे, नवा आवाज ळचा ल करतोय."

"माहितीय गं. पण बदल मागे घेतले तर पुन्हा तो जुना घोगरा आवाज येईल."

"येऊ दे. मला दिसत नाही, लेकीला गोष्टी फोनच वाचून दाखवतो ना. काल म्हणाली, आई, खेलायला चल."

सर्वेशने लॅपटॉप पुढे ओढला.

"गोड मी बोलेन रे तिच्याशी. फोनने फक्त नीट वाचावं."

तिचा फोन चालू असतानाच त्याने सगळे बदल मागे घेतले.