शिगेजीचा वाडगा

सेत्सुनं वाडग्यावर झाकण ठेवलं. मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, सार चुलीवरून नुकतंच उतरवलेलं, उकळतं. जरा निवू दिलं असतं तर आजच्या आज सुटली असती बाई. पण हात कुठला ऐकायला? सहा वर्षांची सवय.

हा वाडगा तिच्या नवऱ्याच्या पानावरचा. शिगेजी मांचुरियात लढायला गेला. लढाई संपली, गल्लीतले काही परत आले, काहींच्या राखेच्या पेट्या आल्या. शिगेजीचं ना पत्र, ना पेटी. त्याची आई तोमे रोज दुपारी त्याच्या जागेवर त्याचं पान मांडायला लावायची, आणि बाकीच्यांची जेवणं उरकली की स्वतः त्याच्या वाडग्याचं झाकण उचलायची. आतून पाणी सुटलेलं असलं तर लेक जिवंत. कोरडं निघालं तर समजून जायचं. सहा वर्षांत ते एकदाही कोरडं निघालं नव्हतं. निघेल कसं? सार उकळतं ओतणारी सेत्सु होती.

आज पाहुणी होती किसाबाई. कोपऱ्यावरच्या सार्वजनिक न्हाणीघराची मालकीण, आणि लग्नं जुळवण्यात पटाईत. पलीकडच्या गल्लीतल्या चटईवाल्या कान्जीचं स्थळ सेत्सुसाठी तिनंच आणलं होतं. माणूस बिजवर, पदरात एक पोर, पण स्वभावानं सरळ. वर्षभर थांबला बिचारा. आता त्याच्या घरच्यांनी दुसरी मुलगी पाहिली होती आणि संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. सेत्सुला तो आवडत होता. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, तरी गल्लीला ठाऊक होतंच. एका चटईची किनार बदलायला कुणी तीनतीनदा जातं का?

किसाबाईनं विषय काढला तशी तोमेनं हातानंच तिला थांबवलं.

"मी कोण सांगणारी? ज्याची बायको, तोच सांगेल. झाकण उचलू, मग बोलू."

तिघी जेवायला बसल्या. किसाबाई मुळ्याचं लोणचं चावत होती, त्याचा तेवढा आवाज. सेत्सु भात नुसता चिवडत होती. आपण उकळतं ओतलं, संपलं सगळं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. आणि निवलेलं ओतलं असतं तर आपल्याच हातानं नवऱ्याला मारलं असतं, हेही.

तोमेनं जेवायच्या काड्या खाली ठेवल्या आणि झाकण उचललं. एरवी ती ते तिरपं करून सगळ्यांना दाखवायची, शेजारणींनासुद्धा बोलावून दाखवायची. आज डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत राहिली. मग मांडीवर पालथं घातलं आणि वर तळहात ठेवला.

"कोरडं आहे," ती म्हणाली.

किसाबाईला कळेना की सांत्वन करावं का अभिनंदन. जमिनीला कपाळ टेकवून ती लगबगीनं निघाली. तासाभरात गल्लीभर होणार होतं की तोमेनं लेकाची आशा सोडली.

"आई," सेत्सु म्हणाली, "मला बघू द्या ना."

"काय बघायचंय? माझे डोळे अजून शाबूत आहेत." तोमे तिच्याकडे बघत नव्हती. "जा, केस नीट कर. संध्याकाळी कान्जी येईल."

सेत्सु उठली. काय करावं ते सुचेना, म्हणून शिगेजीचा वाडगा उचलून मोरीकडे निघाली. तोमेनं तिचं मनगट धरलं.

"लेकाचं आजवर टाकलंय का कधी? आण इकडे."

रोज ते सार तोमेच प्यायची. तिनं दोन्ही हातांनी वाडगा तोंडाला लावला, ओठ भाजले तशी पटकन खाली घेतला, आणि फुंकून फुंकून, एकेक घोट प्यायला लागली.